मेल ईसू : येशूचा मुंडित दास

(शताब्दि-महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं देवळाच्या पटांगणांत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत देवळाच्या विटा कोणीं वाहिल्या, घंटा कोठून आली, पहिली मिस्सा कोणत्या झाडाखालीं झाली, हें सांगण्याचा प्रघात आहे. तें काम आमच्या आधीं बोललेल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं इतकें उत्तम केलें आहे कीं आम्हांस त्यांत भर घालण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं. म्हणून आम्ही आज आपला वेळ एका नांवासाठीं मागतों. तें नांव आयर्लंड व स्कॉटलंड ह्या देशांतील गेल लोकांचें असून सुमारें आठशें-नऊशें वर्षांपूर्वीं तिकडे चांगलें प्रचारांत होतें. तें नांव म्हणजे 'मेल ईसू'. आपल्यापैकीं कोणाच्या कानांवरून तें गेलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु ह्या धर्मग्रामांत घडलेल्या एका गोष्टीमुळें आम्हांस त्याचा पुन्हां शोध घ्यावा लागला. ती गोष्ट आधीं सांगतों.

ह्या स्मरणिकेच्या तयारीसाठीं गेल्या पावसाळ्यांत आम्ही बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या उघडून बसलों होतों. पहिल्या वहींत ख्रिस्तदास, येशूदास, प्रभुदास, मरियादास अशीं नांवें पानोपानीं भेटतात. पुढें पुढें तीं विरळ होत जातात, आणि अलीकडच्या वह्यांत तर शोधूनही सांपडत नाहींत. आम्ही हें पाहत असतांच आपल्यांतील एक तरुण बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरविण्यास आला. आम्ही सहज नांव विचारलें. तो म्हणाला, "फादर, तेंच तर ठरत नाहीं. आजोबांची इच्छा आहे कीं येशूदास ठेवावें. पण माझे पणजोबा दुसऱ्याच्या दारांत उभे राहून म्हातारे झाले. आजोबांच्या नांवांत दास आहे. आतां माझ्या लेकराच्या नांवांतही दासच कां?"

आम्हीं त्यास सोपें उत्तर दिलें. समर्थ रामदासांचें उदाहरण सांगितलें, आणि ज्याला साऱ्या महाराष्ट्रानें समर्थ म्हटलें तो स्वतःस दास म्हणवीत होता हें दाखवून दिलें. तो तरुण नम्रपणें पण चटकन म्हणाला, "रामदासांनीं तें नांव आपण होऊन घेतलें, फादर. त्यांस तें कोणीं पाळण्यांत चिकटविलें नव्हतें. आणि योहानाच्या शुभवर्तमानांत प्रभूनें शिष्यांस दास म्हणण्याचें सोडून मित्र म्हटलें आहे, हें तर आपणच आम्हांस धर्मवर्गांत शिकविलें."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें पाहूं, असें म्हणून आम्हीं त्यास निरोप दिला. आणि खरें सांगावयाचें तर त्या रात्रीं आम्हांस स्वतःच्या उत्तराची लाज वाटली. सेमिनरींत असतांना आयरिश ख्रिस्तसभेच्या इतिहासांत वाचलेलें मेल ईसू हें नांव तेव्हां आठवलें. जुनीं पुस्तकें काढलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहों.

आतां ह्या नांवाचा अर्थ पाहूं. 'ईसू' म्हणजे येशू, हें सांगणें नलगे. 'मेल' ह्या शब्दाचा मूळ अर्थ केस कापलेला, मुंडित. त्या जुन्या समाजांत डोईचे केस राखणें हें स्वतंत्र मनुष्याचें भूषण होतें. कातरलेलें डोकें ही गुलामाची खूण होती. पुढें ख्रिस्ती संन्याशांनीं तीच खूण आपखुषीनें डोक्यावर घेतली. आयरिश संन्यासी कपाळापासून कानांपर्यंतचा पुढचा भाग मुंडीत, रोमची रीत मुकुटासारखें वर्तुळ राखण्याची होती; ह्या भेदावरून इंग्लंडांत तंटा माजला, व ६६४ सालीं व्हिटबी येथील धर्मसभेंत ईस्टरच्या तारखेबरोबरच हा प्रश्नही निघाला. हें मुंडन आपल्या ख्रिस्तसभेंत अगदीं परवांपरवांपर्यंत चालू होतें. पोप सहावे पौल ह्यांनीं १९७२ सालीं तें बंद केलें, म्हणून आमच्या डोक्यास ती कात्री लागली नाहीं. पण आमच्या गुरुजनांच्या डोक्यास लागली होती, व ते त्या दिवसाची आठवण मोठ्या प्रेमानें सांगत.

तेव्हां मेल ईसू म्हणजे येशूसाठीं मुंडिलेला, येशूचा दास. ह्याच घडणीचीं नांवें गेल लोकांत शेंकडों होतीं. मेल पात्रिक म्हणजे संत पात्रिकचा दास, मेल ब्रिग्ते म्हणजे संत ब्रिजिडचा दास, मेल मुरे म्हणजे पवित्र मरियेचा दास. स्कॉटलंडचा राजा केनेथ मॅकॲल्पिन ह्याच्या मुलीचें नांव मेल मुरे असेंच होतें. ती आयर्लंडच्या दोन राजांची राणी झाली व ९१३ सालीं वारली. मेल कोलुम म्हणजे संत कोलुंबाचा दास. त्याचेंच इंग्रजींत माल्कम झालें. आपल्यापैकीं जे महाबळेश्वरास गेले असतील त्यांनीं तेथील माल्कम पेठ पाहिली असेल. १८२७ ते १८३० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जॉन माल्कम ह्या स्कॉटिश गृहस्थांचें तें नांव. सातारा जिल्ह्याच्या डोंगरावर एका आयरिश संताचें दास्य असें नकळत येऊन बसलें आहे! 'मेल'च्या जोडीला मागाहून 'गिल्ल', म्हणजे सेवक पोर, हा शब्दही आला. त्यापासून गिल्ल क्रीस्त, म्हणजे ख्रिस्ताचा सेवक, हें नांव बनलें, आणि त्याचें पुढें गिलख्रिस्ट हें आडनांव झालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्या देशांत दास हा शब्द केवळ पुस्तकांतला होता तेथें हीं नांवें जन्मलेलीं नाहींत. आयर्लंडास शुभवर्तमान देणारा संत पात्रिक हा स्वतःच विकलेला गुलाम होता. सोळाव्या वर्षीं चाच्यांनीं त्यास ब्रिटनमधून पळवून आयर्लंडांत नेलें. सहा वर्षें त्यानें दुसऱ्याचीं जनावरें राखिलीं. मग तो पळाला, आणि धर्मगुरु होऊन त्याच लोकांत परतला. हें त्यानें आपल्या हातानें लिहून ठेविलें आहे. कोरोटिकस नांवाच्या एका सरदाराच्या शिपायांनीं नवस्नात ख्रिस्तजनांस पकडून गुलाम म्हणून विकलें, तेव्हां पात्रिकनें त्या शिपायांस धिक्कारणारें जळजळीत पत्र धाडलें. तेंही आज उपलब्ध आहे. ज्या लोकांचा धर्मपिता असा, ते आपल्या मुलास मुंडित म्हणत तेव्हां त्यांस दास्य म्हणजे काय हें माहीत नव्हतें, असें म्हणतां येत नाहीं.

आतां हें नांव धारण करणाऱ्यांकडे वळूं. त्यांत आमच्या मनाला सर्वांत जवळचा वाटतो तो मेल ईसू ऊआ ब्रोलखान. हा उत्तर आयर्लंडांतील एका विद्वान घराण्यांतला धर्मपुरुष १०८६ सालीं वारला. आयरिश बखरकार त्याची मृत्युनोंद करितांना त्याच्या ज्ञानाची व भक्तीची थोरवी सांगतात, आणि दोन्ही भाषांतील कवित्वाचीही. दोन्ही भाषा म्हणजे लॅटिन व आयरिश. एक देवळाची, दुसरी चुलीजवळची. त्याचें एक स्तोत्र असें आहे कीं त्यांत ह्या दोन भाषा एकमेकींत विणल्या आहेत. लॅटिन ओळीच्या पाठोपाठ आयरिश ओळ येते, आणि सर्व स्तोत्रभर मागणें एकच कीं, देवा, तुझें प्रेम माझ्या हृदयांत घाल. तें स्तोत्र आजही आयर्लंडच्या देवळांत गायिलें जातें. आपल्याकडे फादर स्टीफन्स ह्यांनीं १६१६ सालीं क्रिस्तपुराण छापून मराठीच्या ओवींत प्रभूची कथा आणिली, आणि त्यांत येशूस 'जेजू' म्हटलें, हें आपण जाणतांच. जेथें लोकांची बोली देवापुढें उभी राहते तेथें भक्तीला पाय फुटतात, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे.

ह्याच कवीच्या नांवावर असलेली दुसरी एक कविता फार गमतीची आहे. ती क्रीनोक नांवाच्या कोणा वृद्धेस उद्देशून आहे. क्रीनोक म्हणजे जुनी, सुकलेली अशी प्रिय लहानगी. कवि तिला म्हणतो कीं तूं आतां तरुण नाहींस, पण सात वर्षांचा पोर असतांना मी तुझ्याजवळ शिकलों. मग तूं दुसऱ्यांकडे गेलीस आणि आतां पुन्हां माझ्याकडे आलीस. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या थोर पंडितांनीं ही कोणी जोगीण असावी असें मानिलें, व त्यावरून पुष्कळ तर्क लढविले. पुढें जेम्स कार्नी नांवाच्या आयरिश पंडितांनीं दाखवून दिलें कीं ही बाई नव्हे, तें एक जुनें स्तोत्रसंहितेचें पुस्तक आहे! ज्या पोथीवर बाळपणीं अक्षरें गिरविलीं ती म्हातारपणीं पुन्हां हातीं लागली, एवढीच ती कथा. आपल्या आजीच्या उशाखालचें फाटलेलें प्रार्थनापुस्तक ज्यानें पाहिलें आहे त्याला पंडिताची गरज पडली नसती, असें म्हणण्याचा मोह होतो. पण तें असो.

नांव पवित्र म्हणून मनुष्य पवित्र, असें मात्र समजूं नये. आर्मा हें आयर्लंडांतील संत पात्रिकचें पीठ. तेथें १०६४ पासून १०९१ पर्यंत दुसरा एक मेल ईसू अधिकारावर होता. त्या काळीं तें पीठ एकाच घराण्याच्या हातीं वंशपरंपरेनें गेलेलें होतें. त्यांतले कित्येक तर विवाहित असून दीक्षितही नव्हते. हा मेल ईसू त्याच घराण्यांतला, व त्याच्यामागें पीठ त्याच्या भावाकडे गेलें. संत बर्नार्ड ह्यांनीं ह्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले आहेत. तो दोष निस्तरण्यासाठीं ज्यानें आपलें आयुष्य झिजविलें तो संत मलाखी. आणि त्याचें जन्मनांव काय, तर मेल मेडोक, म्हणजे संत मेडोकचा दास. तो १०९४ सालीं जन्मला व १९४८ नव्हे, ११४८ सालीं (शतकांची अशी चूक आमच्या तोंडून वर्गांतही होत असते) क्लेरव्होच्या मठांत, संत बर्नार्ड ह्यांच्या सान्निध्यांत, देवाघरीं गेला.

तिसरा मेल ईसू धर्मगुरु म्हणून नव्हे तर कारागीर म्हणून आपणांस ठाऊक आहे. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत काँग गांवचा म्हणून प्रसिद्ध असलेला एक क्रूस आहे. राजा टर्लाक ओकॉनर ह्याच्या कारकीर्दींत, ११२३ सालच्या सुमारास, पवित्र क्रूसाच्या काष्ठाचा एक कण ठेवण्यासाठीं तो घडविला गेला. उंची सुमारें अडीच फूट. आंत ओकचें लांकूड, वर कांशाचे पत्रे, सोन्याची बारीक नक्षी, आणि मधोमध एक मोठा स्फटिक, ज्याच्या आड तो कण असे. मिरवणुकींत तो दांड्यावर उंच धरीत. पुढें काँग येथील मठ उजाड झाला, तरी क्रूस त्या गांवीं जतन होऊन राहिला, आणि १८३९ सालीं जेम्स मकुला नांवाच्या डब्लिनच्या प्राध्यापकांनीं पदरचे पैसे घालून तो विकत घेतला व रॉयल आयरिश अकादमीस दिला. क्रूसाच्या कडेवर अक्षरें कोरलेलीं आहेत. त्यांत राजासाठीं प्रार्थना मागितली आहे, बिशपांसाठीं मागितली आहे, आणि त्याच पंक्तींत मेल ईसू मॅक ब्रातान ह्या घडविणाऱ्यासाठींही मागितली आहे. राजवाड्याच्या दारावर सुताराचें नांव राजाच्या नांवाशेजारीं कोणीं पाहिलें आहे काय? येथें तें आहे.

आतां समुद्र ओलांडून स्कॉटलंडांत येऊं. तेथें स्ट्रॅथर्न ह्या प्रांताच्या सरदारघराण्यांत हें नांव पिढ्यानपिढ्या चाललें. त्यांतला पहिला मेल ईसू ११३८ सालच्या ध्वजाच्या लढाईंत दिसतो. स्कॉटलंडचा राजा डेव्हिड ह्यानें इंग्लंडवर स्वारी केली होती. परदेशी चिलखतधारी स्वारांस राजा पुढें ठेवूं लागला तेव्हां हा सरदार रागावला व म्हणाला कीं मी अंगावर चिलखत न घालतां आज ह्या साऱ्यांच्या पुढें जाईन. हें आपणांस रिव्होचे मठाधिपति संत एलरेड ह्यांच्या लेखावरून कळतें. त्या दिवशीं डेव्हिडचा पराभव झाला. इंग्लिश सैन्यानें एका गाड्यावर डोलकाठी उभारून तिच्यावर संतांचे ध्वज लाविले होते व टोंकाला रुप्याच्या पात्रांत परमपवित्र साक्रामेंत ठेविलें होतें. म्हणजे येशूचा दास ज्या सैन्यांत, त्याच्यासमोर येशूच उभा! लढाया करणाऱ्यांनीं प्रभूस आपल्या बाजूस ओढण्याचा हा प्रकार आम्हांस पटत नाहीं. परंतु झालें तें असें झालें.

ह्या सरदाराचा नातू गिल्ल ब्रिग्ते, म्हणजे संत ब्रिजिडचा सेवक. त्याच्या थोरल्या मुलाचें नांव गिल्ल क्रीस्त होतें. हा मुलगा ११९८ सालीं वारला. जवळच दलदलीच्या मधोमध उंचवट्यावर एक जुनें पवित्र स्थान होतें. तेथें आईबापांनीं त्यास पुरलें. त्या जागेस गेलिक भाषेंत जें नांव आहे त्याचा अर्थ मिस्सांचें बेट. इंग्रजींत तिला इंचॅफ्रे म्हणतात. दोन वर्षांनीं, १२०० सालीं, त्या सरदारानें व त्याच्या पत्नीनें तेथें संत ऑगस्टिनच्या नियमाचा मठ स्थापिला. त्यांनीं करून दिलेला लेख उपलब्ध आहे. ह्या जागेवर आमचें इतकें प्रेम आहे कीं आमच्या पहिल्या लेकरास आम्हीं येथें ठेविलें असून आम्हांसही येथेंच ठेवावें, अशा भावाचे शब्द त्यांत आहेत. आणि तें स्थान त्यांनीं कोणाच्या स्वाधीन केलें? एका धर्मगुरूच्या, जो तेथें एकांतवास करीत होता. त्याचें नांव मेल ईसू.

बंधूंनो, आम्ही हा लेख वाचला तेव्हां क्षणभर पुस्तक मिटून ठेविलें. बाप ब्रिजिडचा सेवक, मेलेला मुलगा ख्रिस्ताचा सेवक, त्याच्या थडग्याजवळ दिवा लावणारा येशूचा दास. त्या बापाजवळ गांवें होतीं, कुळें होतीं, त्याच्या दारांतही माणसें हात जोडून उभीं राहत असतील. थडग्यापाशीं मात्र तो सरदार व तो एकांतवासी एकाच हुद्द्याचे होते. आम्हीं आपल्या ह्या कबरस्तानांत लहान पेट्या उतरविल्या आहेत. त्या वेळीं बापाला काय म्हणून हांक मारावी हें आम्हांस अजून उमगलेलें नाहीं.

पुढील कथा थोडक्यांत सांगतों. ह्या नांवाचें इंग्रजी बोलीत मलीस असें रूप झालें, आणि मध्ययुगानंतर तें कांहीं मोजक्या घराण्यांतच उरलें. सर वॉल्टर स्कॉट ह्यांच्या १८१० सालच्या सरोवरसुंदरीच्या काव्यांत जळता क्रूस घेऊन धांवणाऱ्या सेवकाचें नांव मलीसच आहे. त्याच काव्यांतील एलेनच्या प्रार्थनेस शुबर्टनें १८२५ सालीं चाल लाविली, आणि तीच 'आवे मारिया'ची चाल आपण लग्नाच्या मिस्सेंत ऐकतों. गिलीस, मॅक्लीश हीं आडनांवें येशूच्या सेवकाचीं, व मेलिस हें आडनांव आमच्या ह्या मेल ईसूचें. तीं धारण करणाऱ्या पुष्कळांस आतां त्यांचा अर्थही ठाऊक नसेल.

आतां त्या तरुणाच्या प्रश्नाकडे परत येतों, कारण त्याचें ऋण अजून फिटलेलें नाहीं. गेल लोकांच्या बोलींत दास ह्या अर्थाच्या शब्दांशिवाय आणखी एक शब्द होता, 'केले'. त्याचा अर्थ सोबती, तसाच सरदाराच्या आश्रयानें राहणारा स्वतंत्र मनुष्य. आठव्या शतकांत तेथील कांहीं संन्याशांनीं कडक जीवनाचा नवा मार्ग काढिला, व स्वतःस 'केले दे' म्हणजे देवाचे सोबती असें म्हणवून घेतलें. त्यांचा अग्रणी डब्लिनजवळच्या टाला येथील मठाधिपति, जो ७९२ सालीं वारला. त्याचें नांव मेल रुआन. म्हणजे देवाच्या सोबत्यांचा पुढारी नांवानें मुंडित दासच होता. त्यानें नांव टाकलें नाहीं, आणि सोबती होण्याचेंही सोडलें नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानांतील जो आधार त्या तरुणानें आमच्यापुढें ठेविला तो खरा आहे. आणि ज्या प्रभूनें तें म्हटलें त्यानें त्याच रात्रीं कंबरेस टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, हेंही त्याच शुभवर्तमानांत आहे.

तरीही आम्ही त्या तरुणास एवढें म्हणूं कीं, बाबा, तुझ्या पणजोबांस ज्यांनीं दारांत उभें केलें त्यांचें दास्य आणि हें दास्य ह्यांस एकच शब्द लागतो ही आमच्या भाषेची गरिबी आहे, आणि त्या शब्दाचा कांटा तुला बोंचतो ह्यांत तुझा दोष नाहीं. तुझ्या आजोबांसही आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "फादर, गांवांत मला चार जण चार नांवांनीं हांक मारीत, त्यांतलीं तीन सांगण्यासारखीं नाहींत. देवळांत तेवढें ख्रिस्तदास म्हणत. तें नांव ऐकलें कीं मी मान वर करीत असें." हें त्यांनीं नातवास कधीं सांगितलें नव्हतें. आज आम्ही त्यांच्या परवानगीनें सांगत आहों, आणि ते दोघेही ह्या मांडवांत बसलेले आहेत.

बाप्तिस्मा येत्या रविवारीं आहे. नोंदवहींतील नांवाचा रकाना आम्हीं कोरा ठेविला आहे. आईबाप जें सांगतील तें त्यांत लिहूं. तोंपर्यंत आमचें एक मागणें आहे. काँगच्या त्या क्रूसावरील अक्षरें जो वाचील त्यानें मेल ईसूसाठीं प्रार्थना करावी, अशी त्या कारागिराची विनंति आहे. त्याचें नांव आज आपण ऐकलें. तेव्हां सर्वांनीं उभे राहावें, आणि त्याच्यासाठीं, इंचॅफ्रेच्या त्या मुलासाठीं व त्याच्या आईबापांसाठीं, आपल्या पहिल्या नोंदवहींतील सर्व दासांसाठीं, व त्या बाळासाठीं, आमच्याबरोबर एक 'हे आमच्या स्वर्गांतील बापा' म्हणावें.